पाहुणा आणि विस्तव

अतिथीला देव मानावे, ही शिकवण आपल्याकडे प्रत्येकाला लहानपणीच मिळते. परंतु हा देव विडी ओढणारा निघाला तर यजमानाने काय करावे, हे मात्र त्या शिकवणीत सांगितलेले नसते. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. ज्याने आपल्या घरातील एखादी खोली चार दिवसांसाठी परक्या माणसाला भाड्याने दिली, आणि तो निघून गेल्यावर पडद्यांना, गाद्यांना व भिंतींना चिकटून राहिलेल्या धुराच्या वासाशी ज्याची गाठ पडली, त्याला तो किरकोळ वाटत नाही. पाहुण्याला बोलावे तर आतिथ्याला बाध येतो. न बोलावे तर घराची हानी होते. आज मोठ्या शहरांतून अशी अल्पमुदतीने दिली जाणारी घरे जागोजागी झाली आहेत आणि हा पेच नवाच निर्माण झाला आहे, असे त्यांच्या मालकांस वाटते. वस्तुतः तो बराच जुना आहे. त्याचा इतिहास पाहण्यासाठी आपण बंगळूरच्या चिकपेटेत जाऊ.

चिकपेटेचीच निवड का, असे श्रोते विचारतील. याचे पहिले कारण असे की ती बाजारपेठ आहे, आणि बाजारपेठ म्हटली की परगावचा माणूस आला व त्याच्या मुक्कामाची सोयही आली. केम्पेगौडाने १५३७ च्या सुमारास बंगळूर वसविले तेव्हा मातीच्या कोटाच्या आत दोन मुख्य रस्ते एकमेकांना छेदून जात होते. एक दोड्डपेट, म्हणजे थोरली पेठ. तिलाच पुढे अव्हेन्यू रोड हे नाव मिळाले. दुसरी चिकपेट, म्हणजे धाकटी पेठ. त्यांच्या आजूबाजूला धंद्यावरून नावे पडलेल्या पेठा उभ्या राहिल्या: कापसाची अरळेपेट, तेल्यांची गाणिगरपेट, तांदळाची अक्कीपेट, बांगड्यांची बळेपेट. पुण्याच्या पेठांतून हिंडलेल्या मराठी माणसाला येथे परके वाटू नये. कापूस, तेल, रेशीम आणि लाकडी माड्या यांची ही दाटी लक्षात घेतली म्हणजे अशा ठिकाणी निष्काळजीपणे टाकलेल्या एका ठिणगीचा अर्थ काय होतो, हे निराळे सांगावयास नको.

दुसरे कारण मराठ्यांच्या इतिहासाशी निगडित आहे. १६३८ साली विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने केम्पेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी ते जिंकून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हवाली करीपर्यंत, सुमारे अर्धशतक, येथे भोसल्यांचा अंमल होता. भावसार, नामदेव शिंपी अशा समाजांतील मराठी बोलणारी घराणी या पेठांच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, तीही कापडाच्याच धंद्यात.

योगायोग असा की, ज्या विजापूरने शहाजीराजांना बंगळूरला धाडले, त्याच विजापूरहून तंबाखू उत्तरेच्या दरबारात पोहोचला. पोर्तुगीजांनी ही वनस्पती पश्चिम किनाऱ्यावर आणली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती दख्खनमध्ये रुळली. अकबराचा वकील असदबेग विजापूरला गेला होता. तो १६०४ च्या सुमारास परतला, तेव्हा त्याने तंबाखू व रत्नजडित नळी बादशहापुढे ठेवली. बादशहाने झुरका घेतला. राजवैद्याने हरकत घेतली. अकबराने पुढे ती सवय लावून घेतली नाही, परंतु दरबारी मंडळींनी लावून घेतली. त्याच १६०४ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूच्या विरोधात पुस्तिका लिहिली, आणि १६१७ मध्ये जहांगिराने आपल्या राज्यात तंबाखूबंदीचे फर्मान काढले. राज्यकर्त्यांच्या नापसंतीला न जुमानता धूर घरोघर शिरला. निव्वळ बंदीने या बाबतीत फारसे साधत नाही, हा इतिहासाचा पहिला धडा होय.

मग घराघरांतून या धुराचा बंदोबस्त कसा होत असे? त्याचे उत्तर घराच्या रचनेत सापडते. आपल्याकडे ओटा, पडवी आणि ओसरी; कन्नड घरांत जगली. पाहुणा प्रथम तेथे बसे. पाय धुणे, पानसुपारी, चंची उघडणे आणि चिलीम ओढणे हे सारे तेथेच उरके. माजघर व देवघर यांच्याकडे धुराला वाट नव्हती. वडीलधाऱ्यांसमोर चिलीम ओढावयाची नाही, हा दंडक तर कोणी लिहूनही ठेवला नव्हता. म्हणजे पाहुण्याला धूम्रपानाची मनाई नव्हती. त्याला त्यासाठी जागा नेमून दिलेली होती.

याहून महत्त्वाची गोष्ट विस्तवाची. चिलीम किंवा हुक्का पेटवावयाचा तर निखारा हवा. ज्याच्याजवळ चकमक नसे त्याला तो यजमानाच्या चुलीतून मागावा लागे. पाहुणा विस्तव मागी, आणि त्या मागण्यातच अनुज्ञा मागितल्यासारखे होई. यजमान निखारा पाठवी, त्याबरोबर बसण्याची जागाही सुचवी. नाही म्हणावयाचे असल्यास निखारा येण्यास उशीर होई, आणि शहाणा पाहुणा समजून जाई. एका निखाऱ्याच्या देवघेवीत दोघांचाही मान राहत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काडेपेटी स्वस्त झाली आणि ही देवघेव संपली. विडी आणि सिगारेट खिशात, काडेपेटीही खिशात. आता पाहुण्याला यजमानाकडे काही मागण्याचे कारण उरले नाही. याच काळात प्रवासाचे स्वरूपही पालटले. १८६४ साली बंगळूरच्या छावणीपर्यंत आगगाडी आली. पेठेत उतरणारा माणूस आता ओळखीच्या अडत्याच्या घरीच उतरेल असे राहिले नाही. त्याच्यासाठी छत्रे, धर्मशाळा आणि खाणावळी निघाल्या. बंगळूरच्या पेठेत व्यापार करून संपन्न झालेले गुब्बी तोटदप्पा यांनी रेल्वे स्थानकासमोर बांधलेले छत्र १९०३ साली खुले झाले. प्रवाशांची सोय करणारे ते छत्र शहराच्या स्मरणात आजही मानाने आहे. अशा ठिकाणी यजमान एक आणि पाहुणे अनेक, तेही एकमेकांना अनोळखी. येथे प्रश्नाचे रूप बदलले. धूर आता केवळ यजमानाला सोसावा लागत नव्हता. तो शेजारच्या पाहुण्याला, आणि उद्या त्याच खोलीत येणाऱ्या पाहुण्यालाही सोसावा लागत होता.

कायद्याने या बाबतीत काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. ब्रिटिश अमदानीतील १८६७ च्या सराई कायद्याने सराई चालविणाऱ्यावर अनेक कर्तव्ये घातली: खोल्या, पडव्या, विहिरी आणि गटारे स्वच्छ ठेवावीत, पहारेकरी नेमावा, दरपत्रक लावावे, साथीच्या रोगाने आजारी पडलेल्या उतारूची वर्दी द्यावी. धुराविषयी मात्र त्यात कर्तव्य नाही. १८९८ साली बंगळुरात प्लेग आला. पेठेतील दाटीच्या वस्तीचे दुष्परिणाम सर्वांच्या ध्यानी आले, आणि बसवनगुडी व मल्लेश्वरम या रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहतींकडे लोक वळले. खोलीतील हवा ही केवळ घरमालकाची खाजगी बाब नाही, ही जाणीव तेव्हापासून रुजली.

धुराचा विचार प्रथम केला तो रेल्वेने. १८९० च्या रेल्वे कायद्यात अशी तरतूद होती की, धूम्रपानासाठी राखलेला डबा सोडून इतरत्र, सहप्रवाशांच्या संमतीवाचून जो धूम्रपान करील त्याला वीस रुपयांपर्यंत दंड व्हावा. म्हणजे मागण्याची जबाबदारी ओढणाऱ्यावर होती. चुलीतला निखारा मागण्याची जुनी रीतच येथे कायद्याच्या भाषेत अवतरली, असे म्हणावयास हरकत नाही. स्वतंत्र भारताच्या १९८९ च्या रेल्वे कायद्यात या तरतुदीची जागा दुसऱ्या शब्दांनी घेतली: डब्यातील दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतल्यास धूम्रपान करू नये; शिवाय रेल्वेला ते सरसकट बंदही करता येईल. दंड शंभर रुपयांपर्यंत वाढला खरा. परंतु आधी ओढणाऱ्याने विचारावयाचे होते, आता शेजाऱ्याने हरकत घ्यावयाची ठरली. भिडस्त माणूस हरकत घेत नाही. आपल्या देशात भिडस्त माणसांची वाण नाही, आणि भिडस्त यजमानांची तर मुळीच नाही.

दरम्यान वैद्यकशास्त्राने या प्रश्नाला नवे गांभीर्य दिले. १९५० साली डॉल व हिल यांनी इंग्लंडमध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. १९८१ साली जपानमध्ये हिरायामा यांनी, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या परंतु धूम्रपान करणाऱ्यांच्या पत्नी असलेल्या स्त्रियांनाही तो धोका अधिक असल्याचे मांडले. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथील शास्त्रज्ञांनी आणखी पुढची गोष्ट सांगितली: भिंतींवर व कापडांवर बसलेल्या निकोटिनची खोलीतील हवेतल्या नायट्रस आम्लाशी प्रक्रिया होऊन कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. २०१३ साली सॅन डिएगोच्या संशोधकांना असे आढळले की, ज्या हॉटेलांत काही खोल्यांत धूम्रपानास मुभा आहे, तेथील धूम्रपानमुक्त खोल्यांतही धुराचे अंश पोहोचलेले असतात. पाहुणा गेला तरी त्याचा धूर खोलीत मुक्कामास राहतो, हे यजमानाला नाकाने केव्हाच कळले होते. आता ते प्रयोगशाळेनेही सांगितले.

आपल्या देशात २००१ साली मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कचेऱ्या आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने येथे धूम्रपान बंद करण्याचा आदेश दिला. २००३ साली संसदेने तंबाखूविषयक कायदा केला, आणि त्याखालील नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आले. या नियमांत यजमान उत्तरदायी झाला. हॉटेलचा मालक अथवा व्यवस्थापक याने आपल्या जागेत कोणी धूम्रपान करणार नाही हे पाहावे, साठ सेंटिमीटर लांब व तीस सेंटिमीटर रुंद असा फलक लावावा, रक्षापात्र, काडेपेटी वगैरे पुरवू नये. तक्रार आल्यावर तो स्वस्थ बसला तर जितके गुन्हे तितका दंड त्यानेही भरावा. तीस किंवा अधिक खोल्या असणाऱ्या हॉटेलांना धूम्रपानासाठी वेगळ्या खोल्या राखण्याची सवलत मिळाली. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या घरगुती निवासयोजनेत तर एक ते सहा खोल्यांच्याच घरांना मान्यता मिळते. तेव्हा ही सवलत छोट्या यजमानासाठी नव्हे, हे उघड आहे. कर्नाटकाने २०२४ साली विधिमंडळात सुधारणा संमत केली. २०२५ मध्ये तिला राष्ट्रपतींची अनुमती मिळून दंडाची मर्यादा दोनशेवरून एक हजार रुपयांवर गेली.

तेव्हा कायदा आज यजमानाच्या पाठीशी आहे. तरीही रात्री अकरा वाजता पाहुण्याच्या खोलीचे दार ठोठावून त्याला कलम ऐकविणे कोणाही गृहस्थाला जड जाते. येथे जुन्या ओसरीचा उपयोग होतो. पाहुणा येण्याआधीच, खोली ठरविताना, घरात धूम्रपान चालत नाही हे स्पष्ट शब्दांत कळवावे. तो आल्यावर किल्ली देतानाच अंगणातली किंवा इमारतीबाहेरची, इतरांना त्रास होणार नाही अशी जागा दाखवावी. ‘येथे नको’ या शब्दांना ‘तेथे चालेल’ याची जोड मिळाली की नकाराची धार जाते. खोली स्वच्छ करण्याचा खर्च घ्यावयाचा असेल तर तोही आधीच लिहून द्यावा. मागाहून मागितलेला पैसा न्याय्य असला तरी भांडणच उभे करतो. आणि इतके करूनही ज्याने खोलीत सिगारेट पेटविली, त्याला निःसंकोचपणे थांबवावे. तेथे भीड ठेवणे हे आतिथ्य नव्हे, कारण त्या भिडेची किंमत दुसराच कोणी चुकविणार असतो.

बादशहांची फर्माने आली आणि गेली. ओसरीची रीत मात्र टिकली. याचे कारण तिच्यात पाहुण्याचा अपमान नव्हता आणि घराची हानीही नव्हती. भाड्याने दिलेली खोली आजच्या पाहुण्याची जेवढी, तेवढीच उद्या येणाऱ्या पाहुण्याचीही असते. तो उद्याचा पाहुणा कदाचित दम्याचा रुग्ण असेल, कदाचित तान्हे मूल कडेवर घेऊन येणारी आई असेल. तो आज हरकत घ्यावयास हजर नाही. त्याच्या वतीने बोलणे हे यजमानाचे काम आहे; आणि तेही आतिथ्यच होय.