मालधक्क्याच्या खुणा

चामराजपेटेची आखणी 1892 मध्ये झाली, तेव्हा बंगळूरला रेल्वे येऊन 28 वर्षे लोटली होती. मद्रासकडून 1864 मध्ये आलेला मार्ग ब्रॉडगेज होता; म्हैसूर आणि हुबळीकडील मार्ग मात्र मीटरगेज. हुबळीचा मार्ग सदर्न मराठा रेल्वेचा. मिरज, बेळगाव आणि बंगळूर यांना जोडणारा लोहमार्ग तो हाच.

ब्रॉडगेजच्या रुळांतील अंतर 1,676 मिलिमीटर, मीटरगेजच्या 1,000. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालणे अशक्य. म्हणून माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. पोते हमालाच्या पाठीवरूनच जाई. मुख्य मार्गाला फुटलेले साईडिंग, डब्याच्या उंचीचा दगडी धक्का आणि वर पत्र्याचे छप्पर, असा मालधक्क्याचा सर्वसाधारण थाट असे.

पुढे मालमोटारी आल्या. रेल्वेनेही सुट्या डब्यांऐवजी संपूर्ण गाडीभर माल नेण्याचे धोरण स्वीकारले. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले आणि शहरांतील साईडिंगे निरुपयोगी ठरली.

त्यांच्या खुणा मात्र पुरत्या पुसल्या गेलेल्या नाहीत. मुंबईत 1915 मध्ये सुरू झालेल्या बंदर रेल्वेचे रूळ काही ठिकाणी रस्त्यात रुतलेले आढळतात. कापसाचा बाजार ‘कॉटन ग्रीन’ या स्थानकनामात उरला आहे. पुण्यात मालधक्का चौक आहे. आपल्या शेजारी, शहर स्थानकाजवळ, टी.सी.एम. रोयन रस्ता अद्यापि ‘गुड्सशेड रोड’ म्हणूनच ओळखला जातो.

राजवाड्यांना शिलालेख असतात, देवळांना ताम्रपट असतात. ज्यांच्या पाठीवरून शहराचे धान्य आणि कापड गेले, त्या हमालांचे स्मारक बहुधा रस्त्याच्या नावापुरतेच उरते. नाव बदलले की तेही जाते. म्हणूनच इतिहासाच्या तासाला किल्ल्यांबरोबर या नावांचाही परिचय विद्यार्थ्यांना व्हावा, असे मला वाटते.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणी रेल्वेत, मालधक्क्यावर किंवा पेढीवर काम केले असेल, तर त्यांच्या आठवणी, जुन्या पावत्या आणि छायाचित्रे शाळेकडे द्यावीत. रूळ जपणे आपल्या हाती नाही. त्यांवरून वाहिलेल्या श्रमांची नोंद ठेवणे मात्र निश्चितच आपल्या हाती आहे.