तळटीप १४ : किनबोशी

१४. किनबोशी, म्हणजे ‘सोनेरी तारा’. जपानमधील व्यावसायिक सुमोच्या वर्षाला ६ मुख्य स्पर्धा होतात. प्रत्येक १५ दिवस चालते आणि सर्वोच्च गटातील मल्ल रोज एकच कुस्ती लढतो. या गटात योकोझुना हे सर्वांत वरचे पद असून त्याखाली अनुक्रमे ओझेकी, सेकिवाके व कोमुसुबी ही पदे येतात; उरलेले सारे मल्ल माएगाशिरा म्हणून ओळखले जातात. माएगाशिराने योकोझुनाला प्रत्यक्ष आखाड्यात चीत केले, तरच त्या विजयाला किनबोशी म्हणतात. प्रतिस्पर्धी गैरहजर राहिल्याने मिळालेला विजय त्यात धरला जात नाही. प्रस्तुत प्रसंगी प्रेक्षकांनी बसायच्या चौकोनी गाद्या आखाड्याच्या दिशेने भिरकावल्या, तरी लेखक किनबोशीचा उल्लेख करत नाही, कारण विजेता कोमुसुबी होता. गाद्या फेकू नयेत अशी सूचना ध्वनिक्षेपकावरून दिली जाते, पण योकोझुना हरला की ती फारसे कोणी मानत नाही आणि रसिकांच्या भावनांचे इतके उघड दर्शन एरवी क्वचितच घडते. मल्लाच्या दृष्टीने मात्र किनबोशीचे खरे मोल टिकाऊ आहे: वरच्या दोन वेतनधारी गटांत तो असेपर्यंत एका किनबोशीमागे प्रत्येक स्पर्धेला ४०,००० येन जादा मिळतात. सर्वाधिक १६ किनबोशींचा विक्रम आकिनोशिमा या मल्लाच्या नावावर आहे.