नाबोथाचा मळा आणि आपले तालुके

ज्युबिली हा शब्द आपण आनंदोत्सव ह्या अर्थी योजतो. परंतु जुन्या करारातील ज्युबिली प्रथमतः जमिनीच्या हिशेबाचे वर्ष होते. अडीअडचणीत विकलेली वतनवाडी पन्नासाव्या वर्षी मूळ घराण्याकडे परत जावी, कारण भूमी परमेश्वराची असून मनुष्य तिच्यावरील पाहुणा आहे, असा तो नियम होय. म्हणून ह्या स्मरणिकेत देवळाच्या इतिहासाबरोबर भूमीच्या इतिहासाचेही एक पान असावे, असे आम्हांस वाटले.

नाबोथाची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. अहाब राजाने त्याचा द्राक्षमळा मागितला तो फुकट नव्हे. त्याहून चांगला मळा अथवा रोख मोल देऊ केले. नाबोथाने वडिलार्जित वतन म्हणून नकार दिला, आणि त्या नकाराची किंमत प्राणांनी मोजली. आपल्या प्रांतात गेल्या पन्नास वर्षांत जे घडले, त्यात अहाब व नाबोथ इतके स्पष्ट वेगळे करता येत नाहीत. तथापि प्रश्न तोच राहिला: मालकाच्या नकारास काही मोल आहे की नाही?

आपल्याच जिल्ह्यातून आरंभ करू. मुंबईची गर्दी हलकी व्हावी म्हणून खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याचे ठरले आणि त्यासाठी १९७० साली सिडको ह्या शासकीय मंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण ह्या भागांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. भातखाचरे आणि मिठागरे गेली, परंतु मिळणाऱ्या मोबदल्याने शेतकऱ्यांचे समाधान झाले नाही. जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. १६ व १७ जानेवारी १९८४ ह्या दोन दिवशी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. नवे शहर थांबले नाही. परंतु संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकास द्यावा, हे तत्त्व पुढे शासनाने मान्य केले. ज्यांची भूमी गेली त्यांना त्या शहरात पाय ठेवण्यापुरती जागा उरली, ती ह्या बलिदानामुळे.

दुसरा दाखला वसईचा. तेथील ख्रिस्ती बांधव आपले भाषाबंधू व धर्मबंधू होत. केळीच्या बागा, पानवेली, फुले आणि भाजीपाला ह्यांवर त्यांचा संसार चाले. पावसाचे गोडे पाणी बावखलांत साठे व जमिनीत मुरून विहिरींस पुरे. १९८८ साली शासनाने ह्या हरित पट्ट्यातील पुष्कळशी जमीन बांधकामास मोकळी केली आणि १९९० साली वसई-विरारच्या नियोजनाचे काम सिडकोकडेच सोपविले. तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे त्या काळी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, ते तिचे अग्रणी झाले. धर्मगुरूने वेदीवरून रस्त्यावर का उतरावे, असा आक्षेप तेव्हा आपल्यांतीलही काहींनी घेतला. परंतु त्या मोर्चांत ख्रिस्ती व हिंदू खांद्याला खांदा लावून चालले, कारण विहीर खारी झाली म्हणजे ती कोणाचा धर्म पाहत नाही.

ह्या लढ्याचे फळ काय? पश्चिमेकडील गावांची हिरवाई बऱ्याच अंशी टिकली. उलट लोहमार्गालगत इमारतींचे रान माजले. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर भरली, आणि पाणी दूरच्या सूर्या प्रकल्पातून आणावे लागले. येथे एक कटू सत्यही सांगणे भाग आहे. वसईतील सर्व जमीन शासनाने हिरावून घेतली नाही. पुष्कळ वाड्या मालकांनी स्वखुशीने, भाव पाहून विकल्या, आणि बावखले बुजविणारे हात कित्येकदा घरचेच होते. ज्या घरात एक भाऊ मोर्चात व दुसरा दलालाच्या ओसरीवर, त्या घराचा नकार किती टिकणार?

आता आपल्या दाराशी काय आले ते पाहू. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचे, ज्यास लोक ‘नैना’ म्हणतात, नियोजन जानेवारी २०१३ मध्ये सिडकोकडे देण्यात आले. आरंभीच्या यादीत २७० गावे होती. पैकी खालापूर तालुक्यातील ५६ व कर्जत तालुक्यातील ६. पुढे त्या यादीत फेरफार होऊन काही गावे दुसऱ्या मंडळाकडे गेली. पनवेलकडील गावांत नगररचना योजनेनुसार सुमारे साठ टक्के जमीन सोडून मालकाने चाळीस टक्क्यांचा भूखंड घ्यावा असे ठरले, तेव्हा ग्रामस्थांनी सभा घेऊन व मोर्चे काढून विरोध केला. गावठाणालगत वाढलेल्या घरांचे काय होणार, हा त्यांचा प्रश्न आपल्याही वाड्यांना लागू आहे. उल्हास व पाताळगंगा ह्यांच्या काठची भातजमीन एकदा भरावाखाली गेली म्हणजे कोणतीही ज्युबिली ती परत देणार नाही.

मात्र नव्या घरांस विरोध म्हणजे नव्या माणसांस विरोध, असे कोणी समजू नये. मुंबईत ज्यास खोली परवडली नाही, तोच लोकल गाडीने येऊन आपल्याकडे बिऱ्हाड करतो, आणि रविवारी मिस्सेला आपल्याच बाकावर बसतो. तो अहाब नव्हे. शिवाय घर किती मोलाचे हे १९ जुलै २०२३ च्या रात्री आपण शिकलो. त्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले; सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. वाचलेल्या ठाकर कुटुंबांसाठी चौकच्या परिसरात सिडकोनेच घरे बांधली. जे मंडळ एका गावास नकोसे झाले, तेच दुसऱ्या वाडीस आसरा देते झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवल्या पाहिजेत.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात घरांचा तुटवडा हा मोठा प्रश्न मानला, आणि त्याच पत्रात नगररचनेत तेथील रहिवाशांचा सहभाग आवश्यक ठरविला. आमच्या मते उरण व वसई ह्यांचा इतिहासही हेच सांगतो. घरे होऊ द्यावीत, परंतु विचारून. आराखडा जाहीर होताच तो ग्रामसभेत वाचावा, हरकतीची मुदत संपण्यापूर्वी हरकत लेखी द्यावी, पाणी कोठून येणार हे आधी विचारावे, आणि सातबारा दलालाच्या हाती देण्यापूर्वी घरातील सर्वांस, विशेषतः बहिणींस, बसवून बोलावे.

नाबोथ एकटा होता. त्याच्या शेजाऱ्यांनी तोंड उघडले नाही. एलिया संदेष्टा आला तो त्याच्या मरणानंतर. पुढील ज्युबिलीच्या वेळी आमची मुलेबाळे हे पान उघडतील, तेव्हा आम्ही शेजारी म्हणून गप्प राहिलो नाही, इतके तरी त्यांना वाचावयास मिळो, हीच परमेश्वरचरणी आमची प्रार्थना.