फिरोजशहा मेहता आणि मुंबईची महापालिका

1865 च्या कायद्याने मुंबईचा नागरी कारभार जस्टिस ऑफ द पीस, म्हणजेच जे.पीं.च्या मंडळाकडे आला. खरी सत्ता मात्र सरकारनियुक्त आयुक्ताच्या हाती राहिली. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी रस्ते, गटारे, मंडई अशी कामे धडाक्याने काढली. त्यात तिजोरी रिती झाली, कराचा बोजा वाढला आणि 1871 मध्ये शहर खवळले. क्रॉफर्ड यांना घालवा, अशी मागणी होऊ लागली.

1871 च्या अखेरीस फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टरने वेगळेच प्रतिपादन केले. फिरोजशहा मेहता यांच्या मते दोष व्यक्तीपेक्षा रचनेचा अधिक होता. कारभार एकाच अधिकाऱ्याने पाहावा, पण त्याच्यावर अंकुश करदात्यांनी निवडलेल्या सभेचा असावा, अशी त्यांची मांडणी होती. संतापलेल्या शहरात क्रॉफर्ड यांच्या कामाची बाजू घ्यायलाही धैर्य लागले असणार. पुढच्याच वर्षीच्या कायद्यात निवडणुकीचे तत्त्व आले: 64 सभासदांपैकी 32 करदात्यांनी निवडायचे, 16 जे.पीं.नी, तर 16 सरकारने नेमायचे. करदाता म्हणजे मात्र ठरावीक रकमेवर कर भरणारा. गिरण्यांतला कामगार या मतदानाच्या बाहेरच राहिला.

मेहता 1884 व 1885 मध्ये महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीचा कणा ठरला तो 1888 चा कायदा. विधेयकात आयुक्ताचे पारडे जड होते. प्रांतिक कायदेमंडळात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी त्याचा कलमागणिक कीस पाडला. सभासदसंख्या 72 झाली. महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त अशी तीन प्राधिकरणे ठरली. कारभार आयुक्ताकडे, पण अंदाजपत्रकाची मंजुरी सभेकडे. मेहतांचा दबदबा उभा राहिला तो याच मंजुरीवर. आकडे व कलमे मुखोद्गत असलेला सभासद अधिकाऱ्यांना जड जातो, हे त्यांनी वर्षानुवर्षे दाखवले. 1905 मध्ये ते पुन्हा अध्यक्ष झाले.

हा प्रभाव युरोपीय अधिकारीवर्गाला खुपत होता. 1907 मध्ये जे.पीं.च्या 16 जागांसाठी मेहतांना वगळून उमेदवारांची एक यादी तयार झाली. ‘कॉकस’ या नावाने हा गट इतिहासात नोंदला गेला. महालेखापाल हॅरिसन त्याचे सूत्रधार होते आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर त्यांच्या साथीला होते. मते मोजली तेव्हा मेहता सतराव्या क्रमांकावर होते. शहरात निषेधाच्या सभा झाल्या. पुढे निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड कायद्याने रद्द ठरली आणि मेहता पुन्हा सभागृहात आले. त्यांना वाचवले ते निवडणुकीच्या नियमांनीच. पण आपली बाजू मांडणारे वृत्तपत्र हाताशी नसले तर काय होते, हेही या प्रकरणाने दाखवले. 1913 मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे इंग्रजी दैनिक निघाले. बेंजामिन हॉर्निमन त्याचे पहिले संपादक.

1911 मध्ये मेहता चौथ्यांदा अध्यक्ष झाले होते. 5 नोव्हेंबर 1915 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा शहराच्या कारभारात त्यांची चार दशकांहून अधिक वर्षे गेली होती. महापालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा 1923 मध्ये उभा राहिला. अध्यक्षाला महापौर हे नाव मिळाले ते 1931 मध्ये. अंमलबजावणीची सत्ता सरकारनियुक्त आयुक्ताकडे ठेवणारा 1888 चा कायदा, वेळोवेळी दुरुस्त होत, आजही मुंबईत लागू आहे.