कपाची ताटली आणि कर्त्याचे नाव

अमेरिकेतील जुन्या बाजारांत किंवा घरापुढील अंगणात मांडलेल्या विक्रीत काचेची एक चिमुकली ताटली अधूनमधून हाती लागते. व्यास साधारण साडेतीन इंच. बशी म्हणावी तर फार लहान, राखदाणी म्हणावी तर फार नाजूक. विकणाऱ्यालाही तिचा उपयोग बहुधा ठाऊक नसतो. मराठी वाचकाला मात्र तो चटकन उमगावा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिकडे चहा बशीत ओतून, निववून पिण्याची रीत होती. तेवढ्या वेळात ओल्या कपाचा डाग मेजावर पडू नये म्हणून कप या ताटलीवर टेकवीत. पुढे बशीतून पिणे असभ्य ठरले आणि ताटलीचे प्रयोजन संपले. आपल्याकडे बशीतला चहा टिकला. त्याला अशी सोबतीण लाभली नाही, इतकेच.

ही ताटली फुंकून केलेली नसते, दाबून केलेली असते. म्हणून अशा काचेला आम्ही ‘दाबीव काच’ म्हणू. धातूच्या साच्यात वितळलेल्या काचेचा गोळा सोडायचा, कात्रीने तोडायचा आणि तरफेच्या जोरावर वरून दट्ट्या दाबायचा, अशी ही कृती. पिट्सबर्गच्या जॉन बेकवेल यांनी फर्निचरच्या मुठी अशा रीतीने घडवण्याचे पेटंट १८२५ मध्ये घेतले. त्याच वर्षी डेमिंग जार्व्हिस यांनी मॅसॅच्युसेट्समधील सँडविच गावी काचकारखाना काढला. दाबीव काचेच्या यशाने फुंकणीवरचे कारागीर इतके खवळले, की आपल्याला सहा आठवडे लपून राहावे लागले, अशी आठवण जार्व्हिस यांच्या नावावर सांगितली जाते. तिच्यात अतिशयोक्ती असेलही. कारागिरांचे भय मात्र अनाठायी नव्हते. कौशल्य आता फुंकणाऱ्याच्या श्वासातून साचा कोरणाऱ्याच्या हाती चालले होते. लेखनिकाकडून छापखान्याकडे जाणारी पोथी आठवावी. आणि हे साचे कोरणारे बहुतेक अनामच राहिले. सँडविचच्या हायरम डिलवे यांच्यासारखे एखादे नाव उरले, तो अपवाद.

नाव नसले तरी वस्तू अगदीच मुकी नसते. साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे बारीक शिवण उमटते. कात्रीने गोळा तोडल्याची खूण कधी गवताच्या काडीसारखी पृष्ठभागावर राहते. १८३० च्या दशकातील ताटल्यांवर नक्षीच्या मागे ठिपक्यांची दाट पेरणी दिसते. संग्राहक तिला ‘लेसी’ म्हणतात. आम्हांला यात सर्वांत मौजेचे वाटते ते तिचे कारण. तप्त काच थंड साच्याला भिडली, की तिच्यावर सुरकुत्या पडतात आणि ती मंद दिसते. ठिपके प्रकाश फोडून हा दोष झाकतात. म्हणजे अलंकार आधी उणिवेवरचे पांघरूण होता आणि मग शैली झाला.

त्या काळची चांगली काच शिसेयुक्त असे. वाडग्याला टिचकी मारली तर नाद घुमतो. लहान, जाड ताटलीकडून ती अपेक्षा करू नये. १८६४ मध्ये व्हीलिंगच्या कारखान्यात विल्यम लेटन यांनी सोडा-चुन्याची सुधारलेली काच सिद्ध केली. ती स्वस्त होती, पण तिच्यात तो नाद नव्हता. ताटली उलटी करून तळाचे ओरखडे पाहावेत. वापराचे ओरखडे आडवेतिडवे, टेकणाऱ्या भागापुरते असतात. सारे एकाच दिशेने जात असतील, तर कुणी तरी घासून म्हातारपण आणले आहे असा संशय घ्यावा.

काही ताटल्यांवर मजकूरही असतो, आणि तिथे साहित्याच्या अभ्यासकाने अधिक सावध व्हावे. बंकर हिलच्या स्मारकाची ताटली पाहा. तिच्या कडेने १७ जून १७७५ ची लढाई, १८२५ मध्ये लाफाएत यांनी बसवलेली कोनशिला आणि स्त्रियांनी १८४१ मध्ये काम पुरे केल्याचा उल्लेख आहे. पैशाअभावी रखडलेल्या या स्मारकासाठी सारा जोसेफा हेल यांनी १८४० मध्ये बोस्टनला स्त्रियांच्या हस्तकलेची जत्रा भरवून सुमारे ३०,००० डॉलर उभे केले होते. या हेल म्हणजे ‘मेरी हॅड अ लिटल लॅम्ब’च्या कवयित्री आणि ‘गोडीज लेडीज बुक’च्या संपादिका. पण शेवटचा दगड चढला तो जुलै १८४२ मध्ये. कोरणाऱ्याने घाई केली असावी, किंवा पैसा उभा राहिला यालाच पूर्तता मानले असावे. ताटलीवर १८२५ वाचून तिला १८२५ ची म्हणणारे विक्रेते मात्र अजून भेटतात. घटनेचा सन आणि लेखनाचा सन यांतला भेद ज्यांना शिकवावा लागतो, त्यांच्यासाठी वर्गात न्यावी अशी ही वस्तू आहे.

याहून मोठा घोटाळा कर्तृत्वाचा. सँडविचचा कारखाना १८८८ मध्ये बंद पडला आणि पुढे संग्राहकांच्या जगात ‘सँडविच’ हे जवळजवळ विशेषण बनले. चांगला अभंग दिसला, की त्याला ‘तुका म्हणे’ जोडावे तसे. कारखान्याच्या जागेवर सापडलेले तुकडे पुरावा म्हणून दाखवले गेले. पण काचकारखाने भट्टीत घालण्यासाठी बाहेरची फुटकी काचही विकत घेत, त्यामुळे तिथे सापडलेला तुकडा तिथेच घडला असेल असे नाही. ठिपक्यांची काच केंब्रिज, पिट्सबर्ग, व्हीलिंग इथेही होत होती, इतकेच काय, फ्रान्समध्ये बॅकारा आणि सेंट लुई इथेही.

नक्ष्यांच्या नावांचीही हीच कथा. फिलाडेल्फियाच्या गिलिंडर कारखान्याने ‘पायोनियर’ म्हणून विकलेली नक्षी आज ‘वेस्टवर्ड हो’ या संग्राहकांनी दिलेल्या नावानेच ओळखली जाते. विसाव्या शतकात तिच्या नकलाही निघाल्या. रूथ वेब ली यांच्या १९३१ च्या ग्रंथाने अशी कित्येक नावे रूढ केली. त्याच ली यांनी जेम्स रोझ यांच्यासह १९४८ मध्ये कपाच्या ताटल्यांची सूची केली तेव्हा मात्र प्रत्येक ताटलीला क्रमांक दिला आणि कडेच्या पाकळ्यासुद्धा मोजल्या. आम्हांला ही सूची अधिक प्रामाणिक वाटते. तिच्याशी ताडून पाहिल्यावर बऱ्याचदा चिठ्ठीवरचे ‘सँडविच’ खोडावे लागते आणि तिथे एवढेच लिहिता येते: पूर्वेकडील कारखाना, बहुधा १८३० ते १८४५, साचा कोरणारा अज्ञात.