सैंधवाची बरणी आणि गळ्यातली ग्रंथी



दशलक्षण पर्व संपलं की दरवर्षी एक प्रश्न हमखास कानावर येतो. पर्वात दहा दिवस सैंधव वापरलं, मन आणि पोट दोन्ही हलकं वाटलं. मग ते पाकिटातलं पांढरं मीठ परत कशाला आणायचं? वर्षभर सैंधवच ठेवलं तर? माझ्या ओळखीतल्या बऱ्याच घरांनी तसं केलंही आहे. आणि स्वाध्यायाला चार बायका जमल्या की त्यातल्या एकीला तरी थायरॉईडची गोळी चालू असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का? कुणी म्हणतं, सगळं मिठामुळेच. कुणी म्हणतं, मिठाचा काहीच संबंध नाही. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये आहे. ते समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो आणि त्या इतिहासात जवळजवळ प्रत्येक वळणावर एक बाई उभी आहे.

गळ्याची ही सूज आपल्या देशाला नवी नाही. सुश्रुतसंहितेत गलगंडाचं वर्णन आहे. हिंदी मुलखात त्याला घेंघा म्हणतात. हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत तो इतका सर्रास होता की गळा सुजलेला असणं हेच तिथं नेहमीचं वाटे. त्याचं कारण मात्र कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

१८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कुर्त्वा नावाचे गृहस्थ तोफांच्या दारूसाठी लागणारा सोरा तयार करत होते. समुद्री शेवाळाच्या राखेवर त्यांच्या हातून तीव्र आम्ल जास्त पडलं आणि जांभळी वाफ उठली. तेच आयोडीन. नऊ वर्षांनी, १८२० मध्ये, जिनिव्हाच्या डॉ. क्वांदे यांनी ते गलगंडाच्या रोग्यांना द्यायला सुरुवात केली. गळे उतरू लागले. पण लोकांनी ते वाटेल तितकं घ्यायला सुरुवात केली, त्याचे त्रास झाले आणि औषधाची बदनामी झाली. आयोडीन कमी पडलं तर आजार आणि जास्त झालं तरी आजार, हा धडा तेव्हाच मिळाला होता. आज बाजारात ‘थायरॉईडसाठी’ म्हणून आयोडीनचे थेंब आणि शेवाळाच्या गोळ्या मिळतात, त्या पाहिल्या की मला दोनशे वर्षांपूर्वीचं ते जिनिव्हा आठवतं.

दुसरा धागा इंग्लंडमधला. १८७३ मध्ये लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी काही प्रौढ बायकांचं वर्णन लिहिलं. चेहरा सुजट, बोलणं जड आणि संथ, कातडी कोरडी, अंगात सतत थंडी, मन मंदावलेलं. याआधी अशा बायकांना आळशी, थकलेली किंवा वयाने मंदावलेली म्हणून सोडून दिलं जात असे. हा स्वभाव नव्हे, आजार आहे, असं एका डॉक्टरने कागदावर लिहिलं, ही साधी गोष्ट नव्हती. पुढे १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी अशाच एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली.

इथे आपल्यापैकी पुष्कळजणी थबकतील. मेंढीचा अर्क? मग आजची गोळी कशाची? हा प्रश्न मला आर्यिका माताजींच्या दर्शनाला आलेल्या बायकांनीही विचारला आहे. उत्तर असं: १९२७ मध्ये ब्रिटनमध्ये चार्ल्स हॅरिंग्टन आणि जॉर्ज बार्जर यांनी थायरॉक्सिन हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं. आज आपल्याकडे डॉक्टर सहसा जी लेव्होथायरॉक्सिनची गोळी लिहून देतात, तिच्यातलं औषध कारखान्यात रासायनिक रीतीने बनतं, प्राण्याच्या ग्रंथीतून काढलेलं नसतं. गोळी बांधायला जे इतर पदार्थ लागतात त्याबद्दल शंका असेल तर औषधवाल्याला किंवा कंपनीला जरूर विचारावं. पण शंकेपोटी गोळी सोडून देऊ नये.

मिठात घालतात ते आयोडीनही प्राण्यांपासून येत नाही. ते मुख्यतः चिलीच्या वाळवंटातल्या खनिजातून आणि जपानमध्ये जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून काढतात.

आता मिठाकडे येऊ. १८९५ च्या सुमारास जर्मनीच्या ओइगेन बाउमन यांना थायरॉईड ग्रंथीतच आयोडीन सापडलं आणि कोडं सुटलं. गळ्यातली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आयोडीन वापरून संप्रेरक बनवते. कच्चा माल मिळाला नाही की ती जास्त राबते आणि राबून राबून फुगते. गलगंड म्हणजे उपाशी ग्रंथीची धडपड.

हे पक्कं सिद्ध झालं ते शाळकरी मुलींमुळे. अमेरिकेतल्या ॲक्रन गावात १९१७ पासून डॉ. डेव्हिड मरीन आणि डॉ. किम्बॉल यांनी शाळेतल्या मुलींना आयोडीनचं थोडं थोडं औषध दिलं. ज्या २,१९० मुलींनी ते घेतलं, त्यांच्यापैकी फक्त ५ जणींची ग्रंथी वाढली. ज्या २,३०५ जणींनी घेतलं नाही, त्यांच्यापैकी ४९५ जणींची वाढली. पुढे १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि १९२४ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात आयोडीनयुक्त मीठ घरोघर जाऊ लागलं. मीठच का? कारण ते गरीब-श्रीमंत सगळे खातात, रोज खातात आणि साधारण सारखंच खातात.

आपल्या देशाची गोष्ट हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात घडली. तिथल्या डोंगरांवरून पाऊस आणि वितळता बर्फ मातीतलं आयोडीन हजारो वर्षं धुऊन नेत आला आहे. मातीत नाही म्हणून धान्यात नाही, धान्यात नाही म्हणून माणसांत नाही. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख वस्तीच्या भागाचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीन घातलेलं मीठ आणि मधल्या विभागाला साधं मीठ दिलं. सहा वर्षांनी पाहिलं तर आयोडीनच्या मिठाच्या दोन्ही विभागांत शाळकरी मुलांमधला गलगंड निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आला होता. साध्या मिठाच्या विभागात काही फरक नव्हता. मग तिथेही आयोडीनचं मीठ सुरू केलं आणि तिथलेही गळे उतरू लागले. १९७२ पर्यंत हे काम चाललं. त्याच्या अहवालावर रामलिंगस्वामींच्या नावासोबत देव आणि करमरकर ही आपली मराठी आडनावंही आहेत.

याच कांगड्याला लागून मंडीचा मुलूख आहे आणि तिथे द्रंग, गुम्मा इथे डोंगरातल्या मिठाच्या जुन्या खाणी आहेत. म्हणजे मीठ दाराशी होतं, कमी होतं ते आयोडीन. सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतं. आपल्या उरण-भाईंदरच्या मिठागरांतल्या खड्याच्या मिठातही ते नगण्य असतं. समुद्राचं आहे म्हणून आयोडीन असणारच, ही समजूत चुकीची. आयोडीन मिठात मुद्दाम घालावं लागतं.

कांगड्याच्या अनुभवावरून १९६२ मध्ये सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. आधी तो हिमालयाच्या पट्ट्यापुरता होता. पुढच्या पाहण्यांत सपाटीवरच्या राज्यांतही गलगंड सापडला, म्हणून १९८३-८४ मध्ये साऱ्या देशाचं खाण्याचं मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरलं. १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावातून ‘गलगंड’ गेला आणि ‘आयोडीन कमतरतेचे विकार’ आले, कारण तोवर कळून चुकलं होतं की खरं नुकसान गळ्याचं नाही, मेंदूचं आहे. गरोदरपणात आईला आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ती नंतर भरून काढता येत नाही.

विरोधही झाला. साध्या मिठावरची देशव्यापी बंदी २००० मध्ये उठवली गेली आणि २००६ मध्ये पुन्हा आली. ज्यांना गरज नाही त्यांच्यावर सक्ती का, छोट्या मिठागरवाल्यांचं काय, हे प्रश्न खरेच होते. नागपूरची ‘अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट’ ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. २०११ मध्ये न्यायालयाने सक्तीचा तो जुना नियम कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला. पण लगेच मोडला नाही, सरकारला नवी तरतूद करायला वेळ दिला, आणि अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांत ती तरतूद राहिली. वाद सक्तीचा होता. गर्भातल्या बाळाला आयोडीन लागतं, हे त्या वादाने खोटं ठरत नाही.

आता आपल्या घराचा हिशोब. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. जन्मभराचं सगळं मिळून जेमतेम चमचाभर. आपल्या नियमाप्रमाणे घरी पोचेपर्यंत मिठात दहा लाखांत निदान १५ भाग आयोडीन असावं लागतं. म्हणजे दिवसाच्या ५ ग्रॅम मिठातून, एका लहान चमच्यातून, निदान ७५ मायक्रोग्रॅम मिळतं. उरलेलं थोडंफार दूध-दही आणि धान्यातून. इतरांना मासे-अंड्यांतून जे मिळतं ते आपल्याला मिळत नाही. त्यात घरात सैंधवच असेल आणि दूधही सोडलेलं असेल तर आयोडीन येणार कुठून? मात्र आयोडीनसाठी मीठ वाढवायचं नाही. मीठ तेवढंच, फक्त योग्य ते.

पण आज शहर-गावात दिसणारी प्रत्येक थायरॉईडची तक्रार मिठाची नसते. १९१२ मध्ये जपानच्या डॉ. हाकारू हाशिमोटो यांनी चार रुग्णांच्या ग्रंथींचा अभ्यास छापला. त्या चारही बायकाच होत्या. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच ग्रंथीवर उलटते, असा तो आजार. जिथे आयोडीन पुरेसं मिळतं तिथे ग्रंथी मंदावण्याचं मुख्य कारण हेच, आणि तो मीठ बदलून बरा होत नाही, गोळीच लागते. म्हणून हातावर टिंक्चर आयोडीन लावून डाग किती वेळात जातो ते पाहणं, असले घरगुती प्रयोग सोडा. त्यातून काही कळत नाही.

ओळखायचं कसं? न जाणारा थकवा, इतरांना गरम होत असताना आपल्याला थंडी, बद्धकोष्ठ, गळणारे केस, कोरडी कातडी, जड झालेला आवाज, जास्त जाणारी पाळी, खाणं तेवढंच असून वाढलेलं वजन. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर टीएसएचची रक्ततपासणी करून घ्या. आरशासमोर मान थोडी मागे करून पाण्याचा घोट गिळा; गळ्याच्या खालच्या भागात फुगवटा वर-खाली होताना दिसला तर डॉक्टरांना दाखवा. घरातल्या सुनेला दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना तपासणीबद्दल विचारा. ‘बायकांना थकवा असतोच’ हे वाक्य डॉ. गल यांच्या आधीच्या काळातलं आहे.

गोळी चालू असलेल्यांनी ती सकाळी उपाशीपोटी, चहा-दुधाच्या निदान अर्धा तास आधी घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवावं. उपवासाचा किंवा निर्जळ राहण्याचा नियम घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. हे औषध शरीरात हळूहळू उतरतं, निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे एखाद्या दिवसाचा मार्ग ते सांगू शकतात. दहा दिवस आपल्या मनाने गोळी बंद करू नये, आणि गरोदर बाईने तर एक दिवसही नाही.

आणि सैंधवाचं काय? रसपरित्याग हे आपलं तप आहे. मीठ सोडणं हा त्याग. एक मीठ ठेवून दुसरं घेणं ही आवड किंवा सोय. चौक्यात, पर्वात, एकाशनाला सैंधव जरूर असू द्या. पण वाढत्या मुलांच्या आणि गरोदर सुनेच्या रोजच्या आमटीत त्यांनी न घेतलेलं व्रत आपण घालू नये. दोन बरण्या ठेवा. रोजच्या बरणीसाठी पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द आणि हसऱ्या सूर्याचं चिन्ह पाहून मीठ आणा. आयोडीन घातलेलं सैंधवही आता मिळतं, तेही चालेल. बरणी घट्ट झाकणाची, शेगडीपासून लांब आणि कोरडी असावी. मीठ शक्यतो शेवटी घाला, म्हणजे आयोडीन कमी उडतं.

ज्यांच्या घरी सध्या फक्त सैंधवाचीच बरणी आहे, त्यांनी या आठवड्यात दुसरी भरून ठेवावी, इतकंच सांगणं.

जय जिनेंद्र.