जिभेखालच्या गोळीचं कूळ

डेटॉल, डिस्प्रिन आणि पांढऱ्या कपड्यांची रॉबिन नीळ. ही तिन्ही आपल्या घरात आणणाऱ्या रेकिट कंपनीचं मूळ गाव इंग्लंडमधलं हल. गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, व्यसनावर दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळीही तिथलीच. मात्र व्यसन सोडवायला म्हणून ती कुणी बनवलेलीच नव्हती.

रेकिटला हवं होतं मॉर्फिनइतकं गुणकारी, पण चटक न लावणारं वेदनाशामक. ही आशा तशी जुनीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेरॉइनसुद्धा खोकल्याचं औषध म्हणून दिमाखात बाजारात आलं होतं! केनेथ बेंटले या रसायनशास्त्रज्ञाने अफूतल्या थेबाईनपासून संयुगांचं एक नवं घराणंच उभं केलं. त्यातलं एटॉर्फिन इतकं जहाल निघालं की ते गेंडे आणि हत्ती बेशुद्ध करायला वापरू लागले. त्याच घराण्यात 1966 साली जॉन लुईस यांनी ब्युप्रेनॉर्फिन बनवलं. 1978 मध्ये ब्रिटनमध्ये त्याचं इंजेक्शन आलं आणि काही वर्षांनी जिभेखाली ठेवायची गोळी. गिळली तर बरंचसं औषध यकृतातच वाया जातं, म्हणून जिभेखाली.

ही गोळी मेंदूतल्या ज्या जागांवर हेरॉइन बसतं त्याच जागा धरते, आणि हेरॉइनपेक्षा घट्ट धरते. काम मात्र अर्धंमुर्धंच करते. एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी नशा वाढत नाही आणि श्वासही हेरॉइनसारखा मंदावत जात नाही. वेदनाशामक म्हणून जे उणं, तेच इथे कामाला आलं. तलफ शमते, वर घेतलेलं हेरॉइन फारसं चढत नाही आणि माणूस कामावर जाऊ शकतो.

हे प्रथम ठळकपणे मांडलं अमेरिकेत डोनाल्ड जॅसिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1978 मध्ये. त्यांची प्रयोगशाळा केंटकीतल्या लेक्सिंग्टनची. तिथे व्यसनी कैद्यांवर वर्षानुवर्षं औषधं तपासली गेली होती. कैद्याची संमती कितपत खरी मानायची, हा प्रश्न या कुळाच्या अंगाला कायमचा चिकटलेला आहे.

व्यसनाला औषधानेच आवर घालायची वाट त्याआधी मेथाडोनने पाडली होती. दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मनीत तयार झालेलं हे औषध 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी हेरॉइनच्या रुग्णांना रोज द्यायला सुरुवात केली. व्यसन हा शरीराचा दीर्घ आजार आहे, मधुमेहासारखं त्याला रोज औषध लागू शकतं, असं त्यांचं म्हणणं. ‘एक नशा काढून दुसरी लावता’ हा आक्षेप तेव्हापासूनचा, आणि आजही कुटुंबातल्या माणसांच्या तोंडी असतो. मला तो पटत नाही. पोलिसांना चुकवत दिवसातून तीनचारदा सुई टोचणं आणि सकाळी एक गोळी घेऊन रिक्षा चालवायला जाणं यांना एकच नाव कसं देणार?

अमेरिकेत मेथाडोन खास केंद्रांतच अडकून राहिलं. ब्युप्रेनॉर्फिनला गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं ते फ्रान्सने. 1996 पासून तिथले साधे फॅमिली डॉक्टर ते लिहून देऊ लागले आणि पुढच्या काही वर्षांत अतिसेवनाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. अमेरिकेने 2002 मध्ये मान्यता दिली खरी, पण डॉक्टरला वेगळी परवानगी आणि रुग्णसंख्येवर मर्यादा! व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्या त्याच डॉक्टरला अशा परवानगीशिवाय लिहिता येत होत्या. ही अट जायला 2022 चा डिसेंबर उजाडला.

भारतात हे औषध आधी बदनाम झालं. वेदनेसाठीचं इंजेक्शन दुकानांतून मिळायचं आणि गर्द महाग पडलं की लोक तेच टोचायचे. पुढे त्याचीच गोळी उपचार म्हणून आली. सुयांमधून पसरणारा एचआयव्ही थोपवण्यासाठी 2007-08 च्या सुमारास नॅको या सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेने ही गोळी देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. गोळी मिळते त्या केंद्राला लोक ‘ओएसटी’ (ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी) म्हणतात.

तिथे पहिल्या दिवशी नर्स विचारते, ‘शेवटचं कधी घेतलंस?’ गर्द अंगात ताजं असेल तर गोळी त्याला हुसकावून लावते आणि हातोहात टर्की, म्हणजे नशा तुटल्याचे हाल, सुरू होते. म्हणून जांभया, गळणारं नाक, अंगावरचा काटा दिसेपर्यंत थांबायचं. मग गोळ्या चुरून पूड जिभेखाली घालायची, ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. शेवटी नर्स ‘आ कर, जीभ वर कर’ म्हणत तोंड तपासते, कारण गालात दाबून बाहेर नेलेली गोळी विकली जाते किंवा पाण्यात विरघळवून टोचली जाते. या पहाऱ्यापायी रोज मजुरीवर जाणाऱ्याची सकाळ मात्र केंद्राच्या वेळेला बांधली जाते. मजुरांचा नाका सकाळी भरतो. केंद्र उघडेपर्यंत मुकादम माणसं घेऊन गेलेला असतो. घरी न्यायला दोनचार दिवसांच्या गोळ्या कुणाला आणि केव्हा द्यायच्या, यावर डॉक्टर आणि रुग्ण यांची घासाघीस चालूच असते.